थूलभाऊंच्या नावानं निघालेलं पत्रक

आंधळ्या माणसाला कॉम्प्युटर कशाला, हा प्रश्न मला वर्ध्यात पोस्टमनपासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांनी विचारलेला आहे. विचारताना आवाज हमखास मऊ होतो, तेरवीच्या जेवणाला माणसं बोलतात तसा. सुरुवातीला मी समजावून सांगायची. नंतर उलट विचारू लागले, डोळस माणसाला कशाला? त्याचं खरं उत्तर बहुतेकांच्या पडद्यावरच असायचं. पत्त्यांचा डाव अर्धवट मांडलेला.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं आहे की, तुमच्या कामातले प्रेरणादायी प्रसंग द्या. माझ्याकडे तसले प्रसंग नाहीत. ज्यांना फराळासोबत प्रेरणा हवी असेल त्यांनी पान उलटावं, पुढं कोणाची तरी कविता असेलच.

मी स्वतः डोळस आहे आणि माझं काम साधं आहे. मी कॉम्प्युटरला बोलतं करते. एक सॉफ्टवेअर असतं, ते पडद्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवतं. खालचा बाण दाबला की पुढची ओळ वाचतं, टॅब दाबला की पुढचं बटन सांगतं. माउसला हात लावायचा नाही, कारण माउसचा बाण कुठं गेला ते डोळ्यांनीच बघावं लागतं. बाकी डबा तोच, की-बोर्ड तोच. मॉनिटर बंद ठेवला तरी काम होतं, तेवढीच वीज वाचते. यात चमत्कार नाही आणि देवाची कृपा तर अजिबात नाही. पण कृपा आहे असं म्हटलं की देणग्या मिळतात, म्हणून आमच्यातलेही काही तसंच म्हणतात.

अडचणी दोन होत्या. पहिली, हे सॉफ्टवेअर परदेशी. त्याची किंमत माझ्या तेव्हाच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त. म्हणून आम्ही सगळे नमुन्याची फुकट प्रत वापरायचो. ती चाळीस मिनिटं बोलायची आणि गप्प व्हायची. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा, की पुढची चाळीस मिनिटं. या देशातल्या कितीतरी अंध माणसांनी पत्रं, अर्ज, अभ्यास सगळं चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत केलेलं आहे. चोरीच्या प्रतीही फिरत होत्या. त्यांच्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

दुसरी अडचण मराठीची. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मुखवटे होते. डोळ्यांना 'क' दिसायचा, पण कॉम्प्युटरच्या पोटात तिथं इंग्रजी अक्षर नाहीतर अर्धविराम असायचा. बोलणारं सॉफ्टवेअर पोटातलं वाचतं. म्हणजे मराठीत टाइप केलेलं पान त्याला दिलं की ते 'के, कॉमा, सेमीकोलन, एल' असं काहीतरी गंभीरपणे वाचत सुटायचं. इंग्रजी येत असेल तर तुम्ही वाचू शकता, मराठी असाल तर नाही. त्या काळात मराठी बाण्यावर भाषणं पुष्कळ झाली, या गोष्टीवर एकही ऐकल्याचं मला आठवत नाही.

एक किस्सा आधी सांगते, कारण माझं डोकं फिरलं ते तिथं. जिल्ह्यातल्या एका गावी अंध मुलांचं वसतिगृह होतं. तिथं कोणीतरी दोन कॉम्प्युटर दान दिले आणि आमच्या अपंगांच्या संघटनेनं मला सॉफ्टवेअर टाकायला पाठवलं. जाऊन पाहते तर दोन्ही कॉम्प्युटरवर क्रोशाचे रुमाल, रुमालावर सुकलेले हार, आणि स्पीकर गायब.

"स्पीकर कपाटात ठेवले आहेत," अधीक्षक म्हणाले. "बाहेर ठेवले की पोरं गाणी वाजवतात."

मी म्हटलं, "मग स्पीकर काढा आणि मॉनिटर ठेवा कपाटात."

ते मनापासून हसले. त्यांना वाटलं मॅडम विनोदी आहेत. अंध मुलाचा पडदा म्हणजे स्पीकर, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. दोन तास वाद घालून मी रिकाम्या हातानं परत आले आणि त्याच आठवड्यात पत्रक काढलं. मथळा होता, 'आंधळ्यांना पडदा दिला, आवाज कुलपात ठेवला.' आठ दिवसांत स्पीकर कपाटाबाहेर आले. पत्रकानं कुलूप उघडतं यावर माझा विश्वास बसला तो असा, आणि जरा जास्तच बसला.

पत्रक लिहायला मी घरीच शिकले. बोरगाव मेघेला आमच्या घरात पाण्यासाठी, रेशनसाठी पत्रकं निघायची. बाबा सांगायचे आणि मी मांडीवर पॅड ठेवून लिहून घ्यायची. त्यांची शिकवण थोडक्यात होती. पहिल्या ओळीत ठोसा पाहिजे. मागणी एकच पाहिजे. आणि मागणीला अट लावायची नाही, कारण अट लावली की समोरचा मागणी सोडतो आणि अटच धरून बसतो. ही शिकवण मला कधी चुकीची वाटली नाही. नळाच्या बाबतीत ती बरोबरच होती.

थूलभाऊ माझ्याकडे आले तेव्हा मी बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर क्लास. सकाळी सात ते नऊ एक मशीन मालकानं मला संघटनेच्या कामासाठी वापरू दिलं होतं. जिन्यात काठी वाजली, पाठोपाठ चपला वाजल्या आणि दोन माणसं आत आली. पुढं पन्नाशीला आलेले, इस्त्रीच्या शर्टातले थूलभाऊ. मागं त्यांच्या कचेरीतला शिपाई मारोती.

"मॅडम, हे आमचे थूलसाहेब," मारोती म्हणाला. "यायले कॉम्प्युटर शिकवा. माहे डोळे चांगले हायेत तरी मी दहावीत दोनदा बसलो. यायच्या डोक्यात अख्खा जिल्हा हाये."

"मारोती, तू बस खाली," थूलभाऊ म्हणाले. "बोर्ड गेला, पोरी. आता नुसता बसून राह्यलो."

बोर्ड म्हणजे टेलिफोनचा. एका मोठ्या सरकारी कचेरीत ते वीस वर्षं ऑपरेटर होते. आर्वी, हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर, सगळीकडचे नंबर तोंडपाठ. कोणता साहेब आज कोणाशी बोलणार नाही, हे त्यांना रिसीव्हर उचलल्याच्या खटक्यावरून कळायचं. मग कचेरीत आपोआप फोन जोडणारा डबा आला. तो भिंतीवर बसवला आणि थूलभाऊंना जिन्याखाली खुर्ची दिली. पगार चालू, काम नाही. हेडक्लार्क, ज्यांना तिथं सगळे बडे बाबू म्हणत, ते रोज येता-जाता म्हणायचे, "थूलजी, आराम करा. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

"त्यायले वाटते आराम हाये," थूलभाऊ मला म्हणाले. "अकरा ते पाच आराम करून पाह्यजो एखांद्या दिवशी. लोकं जिना चढता चढता बोलते, अन् माह्यापाशी आले की गप होते. मेलेल्या माणसापासून जाते तसे."

त्यांना काय हवं होतं ते अगदी स्पष्ट होतं. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर कॉम्प्युटर येणार होता. कोणता कागद कुठून आला, कोणाकडे गेला, याची नोंद त्यावर करायची. कागद फोडायचं काम तसंही मारोतीचंच होतं. तो वाचून दाखवणार, थूलभाऊ नोंदवणार. बडे बाबूंनी शब्द दिला होता की सरकारमान्य संगणक परीक्षा या खेपेला पास करा, टेबल तुमचं. नाही झालात तर दुसरा कोणीतरी असेल, साहेब थांबणार नाहीत.

तीन महिन्यांत ते शिकले. मी शिकवलं असं म्हणवत नाही. मी फक्त कुठं काय आहे ते सांगायची आणि ते मोजून ठेवायचे. फाइल उघडायला किती टॅब, छापायला किती, सगळं नंबरासारखं बोटांत बसवलं. सॉफ्टवेअरचं इंग्रजी साहेबी होतं, पण त्यांनी वीस वर्षं ट्रंक कॉलवर त्याहून वाईट इंग्रजी ऐकलं होतं. चाळीस मिनिटांनी मशीन गप्प झालं की म्हणायचे, "झोपला. आपल्या साहेबासारखाच हाये, हलवल्याबिगर उठत नाई." मग मशीन पुन्हा चालू होईपर्यंत मारोती खालून चहा आणायचा.

सरावासाठी परीक्षेचा नमुना आला आणि आमचं गाडं अडलं. त्या परीक्षेचा अख्खा पडदा माउससाठी बनवलेला. उत्तरं म्हणजे चित्रं, टॅबनं कुठंच जाता येत नव्हतं. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणी एकच शब्द बोलायचं, 'ग्राफिक'. प्रश्न तर असे की खालील चित्र कशाचं आहे, अमुक खूण पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात असते. मी पत्रं लिहिली, नागपूरला, पुण्याला. पंच्याण्णव सालच्या अपंगांच्या कायद्याचा हवाला दिला. उत्तर आलं की अंध उमेदवारांना लेखनिक घेण्याची मुभा आहे. लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी असावं.

आता हे नीट समजून घ्या. ज्याला कॉम्प्युटर येतो त्यानं हात खिशात ठेवायचे. ज्याला येत नाही त्यानं माउस धरायचा. आणि माउस कधी न वापरलेल्या माणसानं त्याला सांगायचं की बाण कुठं ने. ही परीक्षा संगणकाची.

मी तापले. थूलभाऊ तापले नाहीत.

"देतात ना लेखनिक? घेऊ," ते म्हणाले. "मारोती हाये. दहावी नापास, नियमात बसते."

"चला, नापास झाल्याचा कुठंतरी फायदा झाला," मारोती म्हणाला.

"थूलभाऊ, तुम्हाला सगळं येतं. मग दुसऱ्याच्या हातानं का द्यायची?" मी म्हटलं. "एकदा लेखनिक घेतला की ते म्हणणार, बघा, यांची काही अडचण नाही. मग पुढच्या कोणालाच बोलणारा कॉम्प्युटर मिळणार नाही."

"बरोबर हाये तुहं. पण मले ती जिन्याखालची खुर्ची सोडाची हाये, पोरी. आंदोलन तू कर, मी घोषणा द्याले येतो. परीक्षा मातर मले देऊ दे."

मग त्यांनी निवेदनाचा मजकूर सांगितला. मी लिहून घेतला. तो कागद माझ्याकडे आजही आहे. 'मी या खेपेला लेखनिक घेऊन परीक्षा देत आहे. पण मला कॉम्प्युटर स्वतः चालवता येतो. पुढच्या अंध उमेदवारांसाठी बोलणारा कॉम्प्युटर ठेवावा, ही विनंती.'

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी डीटीपीच्या दुकानात तो मजकूर घेऊन बसले. हाच निवेदन म्हणून केंद्रावर आणि कचेरीत द्यायचा होता, आणि हाच पत्रक म्हणून वाटायचा होता. वाचला आणि मला तो मिळमिळीत वाटला. ठोसा नाही. मागणीला अट. वर 'विनंती'. मी तो सुधारला. सुधारला हाच शब्द तेव्हा माझ्या मनात होता. नवा मजकूर असा होता: 'मी लेखनिक घेणार नाही. दुसऱ्याच्या हातानं मिळालेलं प्रमाणपत्र म्हणजे तोंडावर फेकलेली भीक आहे. परीक्षा देईन तर माझ्या हातांनी, नाहीतर देणारच नाही.' खाली थूलभाऊंचं नाव आणि सहीसाठी जागा.

त्यांना न विचारता मी हे कसं केलं? मला वाटलं, ते वाद घालायचे थांबले म्हणजे आतून पटलेलं आहे. वाटलं, गेटवर आपली माणसं घोषणा देताना ऐकली की त्यांना जोर चढेल आणि ते मागं फिरतील. ऐनवेळी सांगू, असंही वाटलं. चळवळीत माणसाला असं बरंच काही वाटत असतं.

संध्याकाळी ते क्लासवर आले. म्हणाले, "फ्लॉपीत दे. मी माह्या कानानं ऐकतो."

मी फ्लॉपी लावली. सॉफ्टवेअरनं सुरुवात केली. के, कॉमा, सेमीकोलन. ते थोडा वेळ मान तिरकी करून ऐकत राहिले.

"हे काय म्हणून राह्यला?"

"मराठी फॉन्ट आहे, थूलभाऊ. त्याला वाचता येत नाही. मजकूर तुम्ही सांगितला तोच आहे."

मी त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली, तीन प्रतींवर. ज्या माणसासाठी मी गावभर बोंबलत फिरत होते की याला स्वतः वाचू द्या, त्याला न वाचता येणारा कागद मीच तयार केला होता, आणि त्या न वाचता येण्याचा फायदाही मीच घेतला. याला दुसरा शब्द आहे, तो वाचकांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या गेटवर आम्ही बारा-पंधरा जण होतो. तीनचाकी सायकली, फलक, पत्रकांचा गठ्ठा. मारोतीच्या सायकलवर मागं बसून थूलभाऊ आले. माझा आवाज ऐकून त्यांनी सायकल थांबवायला लावली.

"आली का तू? बरं झालं. या मारोतीले जरा धीर दे वं. परीक्षा माही, अन् हात याचे थरथरून राह्यले."

"माउस धरला की घाम येते मॅडम," मारोती म्हणाला. "रोज जेवायच्या सुट्टीत बाबूच्या कॉम्प्युटरवर सराव केला, तरी बी."

मी तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "या, बघू." आमच्याच एका कार्यकर्त्यानं मारोतीच्या हातात पत्रक ठेवलं. त्यानं ते घडी करून खिशात टाकलं आणि थूलभाऊंचा हात धरून आत गेला. मी मागोमाग गेले.

केंद्रप्रमुखांच्या टेबलावर आम्ही सकाळीच पोचवलेलं निवेदन होतंच. माणूस वाईट नव्हता, गोंधळलेला होता. "थूलजी, तुम्ही लेखनिकाला घेऊन कसे आलात? तुम्ही तर नकार दिलाय."

"कोन, मी?"

त्यांनी निवेदन मोठ्यानं वाचलं. सगळं. भीक या शब्दाशी मारोतीनं थूलभाऊंचा हात सोडला. मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं आणि ते पाठीमागं नेले.

थूलभाऊ मी जिथं उभी होते तिकडं वळले. "हे मी म्हणलं?"

"थूलभाऊ, आशय तोच आहे."

"आशय नाई विचारून राह्यलो. हे मी म्हणलं का?"

"नाही," मी म्हटलं.

केंद्रप्रमुख म्हणाले की खाली सही आहे, कचेरीतही प्रत गेली आहे, आता मी लेखनिक बसू दिला तर उद्या तुमचीच संघटना माझ्यावर पत्रक काढेल. आमच्याबद्दलचा त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. मुलं-माणसं आपापल्या मशीनवर बसली. दार लागलं. थूलभाऊ बाहेर आले तेव्हा गेटवरच्यांनी त्यांच्या नावाचा जयजयकार केला. त्यांना वाटलं, त्यांनी आत बाणेदारपणे नकार दिला. मारोतीनं सायकल काढली. जाताना त्यानं खिशातलं पत्रक काढून माझ्या हातात परत दिलं, घडी न उघडता.

त्याच दुपारी मी बडे बाबूंकडे गेले. सांगितलं की ती वाक्यं माझी आहेत, थूलभाऊंची नाहीत, त्यांना पुढच्या आठवड्याच्या तुकडीत बसू द्या.

"मॅडम, आज म्हणता वाक्यं तुमची. उद्या म्हणाल सहीपण तुमचीच," बडे बाबू म्हणाले. "लिहून द्या. मजकूर बदलला, त्याला माहीत नव्हतं, एवढं लिहून द्या. साहेबांसमोर मी ठेवतो. केंद्राला पत्र मी स्वतः नेऊन देतो."

याहून सरळ काही असू शकतं का? मी संघटनेच्या अध्यक्षांना विचारायला गेले. ते म्हणाले, लेखी देऊ नकोस. एका अंध माणसाची फसवून सही घेतली हे संघटनेच्या कागदावर आलं तर आपली वीस निवेदनं पाण्यात जातील. थूलभाऊंसाठी आपण वेगळा मार्ग काढू. मी आठ दिवस वेगळ्या मार्गाची वाट पाहिली. मला मार्ग माहीत होता, तो एका कागदाएवढा होता. नवव्या दिवशी मी लिहून दिलं. तोवर ती तुकडी होऊन गेली होती आणि आवक-जावकच्या टेबलावर एक तरुण कारकून बसला होता. माझा कबुलीचा कागद मारोतीनं फोडला आणि त्या तरुणानं त्याची नोंद नव्या कॉम्प्युटरवर केली. दोन बोटांनी, अक्षरं शोधत शोधत. आवक क्रमांक टाकून त्यानं मला पोच दिली.

पत्रक मात्र गाजलं. ते नागपूरच्या सभेत वाचलं गेलं. मला शाल दिली, ती मी घेतली. पुढं नियम कागदावर बदलल्याचं ऐकू आलं. केंद्रावर चौकशी केली की आजही सांगतात, लेखनिक घेऊन या ना, सोपं पडतं.

थूलभाऊ पुन्हा परीक्षेला बसले नाहीत. टेबल गेलं होतं. पास झाल्याचा कागद घेऊन त्याच खुर्चीवर बसायचं, त्यापेक्षा कागदाशिवाय बरं, असं ते म्हणाल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. निवृत्तीपर्यंत त्यांनी जिन्याखाली आराम केला. मारोती बाजारात भेटला की भाजीकडं बघायचा.

मग मराठी टाइप करायची नवी पद्धत आली, जिच्यात 'क' हा कॉम्प्युटरच्या पोटातही 'क'च असतो. फुकट मिळणारा एक बोलका आवाजही आला. तो हिंदी शिकलेला होता, पण मराठी वाचायचा. त्याची सीडी घेऊन मी पिपरी मेघेला थूलभाऊंच्या घरी गेले. न कळवता गेले, कळवलं असतं तर नाही म्हणाले असते अशी भीती होती. त्यांच्या मुलाचा कॉम्प्युटर होता, त्यावर सगळं बसवलं. ते शेजारी बसून होते. आवाज पहिल्यांदा मराठी बोलला तेव्हा म्हणाले, "हा नागपूरकडचा दिसते." मग म्हणाले, "ते पत्रक आणलं काय तू?"

आणलं होतं. एक अक्षर न बदलता नव्या पद्धतीनं टाइप करून. त्यांनी खालचा बाण दाबत ओळ ओळ ऐकलं. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मी माफी मागायची तयारी करून गेले होते, तीही मनात पत्रकासारखी तयार झाली होती, पहिल्या ओळीत ठोसा.

"लिहिलं चांगलं हाये," ते म्हणाले. "जोर हाये त्यात. हा थूल कोनी मोठा माणूस असन."

मी तोंड उघडणार तोवर त्यांनी बोटं की-बोर्डवर ठेवली.

"नवीन पान कसं उघडाचं ते तेवढं सांग."

मी सांगितलं. त्यांनी उघडलं. मराठी की-बोर्डवर कोणतं अक्षर कुठं आहे ते एकदा विचारून घेतलं, बोटं फिरवून मोजून घेतलं. मग हात थांबवला.

"आता तू बाहेर जाऊन बस."

मी अंगणात जाऊन बसले. आतून तो आवाज एकेक अक्षर बोलत होता, थांबत होता, पुसलेलं अक्षर पुन्हा सांगत होता. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की ऐकू येईनासं व्हायचं. तासाभरानं त्यांच्या सूनबाईंनी चहा आणून दिला आणि म्हणाल्या, बाबा लिहून राह्यले, तुम्ही गेल्या तरी चालन म्हणते. मी चहा पिऊन निघाले. ते काय लिहीत होते हे मला माहीत नाही. विचारायचा अधिकार माझा नाही, आणि त्यांनीही आजवर सांगितलेलं नाही.